कोलेगियम : संघटना, श्रेणी की मंडळ?

प्रश्न असा आला आहे : रोमन साम्राज्यातल्या प्रांतांवरील एका लेखाचा अनुवाद करताना 'कोलेगियम' (सभासदांनी मिळून चालवलेली संस्था) या लॅटिन शब्दासाठी 'कामगार संघटना' लिहावं की 'श्रेणी' (प्राचीन भारतातला एका धंद्यातल्या लोकांचा संघ)? उतारा गॉल प्रांतातल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, लिऑनच्या नावाड्यांविषयी आहे.

'कामगार संघटना' नकोच. मजुरीसाठी मालकाशी भांडणं हे कोलेगियमचं काम नव्हतं. तिच्यात कारखानदार, कारागीर आणि मुक्त झालेले गुलाम एका पंगतीला बसत.

'श्रेणी'चा मोह मात्र मी समजू शकतो. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या शिलालेखात हा शब्द आहेच. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन संघांकडे २००० आणि १००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायमचे ठेवले, अनुक्रमे दरमहा शेकडा एक आणि शेकडा पाऊण व्याजाने. ते व्याज भिक्षूंसाठी. रोमन प्रांतांतही लोक कोलेगियमकडे अशाच ठेवी ठेवत. व्याजातून दरवर्षी आपल्या कबरीवर फुलं वाहिली जावीत आणि सभासदांना जेवण मिळावं, ही इच्छा. साम्य खरंच आहे.

पण 'श्रेणी' धंद्याला बांधलेली आहे, आणि कोलेगियम तशी नव्हती. गॉलमधल्या शहरांत 'देंद्रोफोरी' भेटतात, म्हणजे सिबेली देवीच्या उत्सवात झाड वाहून नेणारे. इटलीतल्या लानुवियमच्या एका कोलेगियमची इ.स. १३६ची नियमावलीच दगडावर कोरलेली सापडली. दियाना देवी आणि देव मानला गेलेला अंतिनोउस यांच्या नावाने ती संस्था चाले. प्रवेशाला १०० सेस्टर्स (रोमन नाणी) आणि चांगल्या दारूचा एक रांजण, दरमहा ५ आसची (आस म्हणजे त्याहून लहान नाणं) वर्गणी, मेल्यावर अंत्यविधीला ३०० सेस्टर्स. पंगतीत भांडण काढायला कुणी आपली जागा सोडून दुसरीकडे गेला तर ४ सेस्टर्स दंड! हे वाचल्यावर मला एकच शब्द सुचतो : मंडळ. वर्गणी, उत्सव, जेवण, मानपान, सभासदाच्या मृत्यूला धावून जाणं, हे सगळं त्यात सहज मावतं. 'श्रेणी' म्हटलं की आजच्या वाचकाला गुणपत्रिका आठवते, हीही अडचण आहेच.

अशा मंडळांची सत्तेला धास्ती वाटे. इ.स. ११०च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातल्या निकोमीडिया शहरात मोठी आग लागली, तेव्हा तिथल्या बिथिनिया प्रांताचा अधिकारी प्लिनी याने आग विझवायला १५० कारागिरांचं कोलेगियम काढण्याची परवानगी मागितली. सम्राट ट्रेजनने ती नाकारली. कोणत्याही नावाने, कोणत्याही कारणाने माणसं एकत्र आणली तरी लवकरच त्यांचे राजकीय गट होतात, असं त्याने कळवलं. आग विझवायची साधनं तेवढी तयार ठेवा, म्हणाला. दुसरीकडे, याच साम्राज्यात लिऑनच्या नावाड्यांचं मंडळ मानाने मिरवत होतं.

आता तुमच्या उताऱ्यातला दुसरा शब्द, 'नाउते'. शब्दशः ते नावाडी, पण मराठीत 'नावाडी' म्हटलं की वल्हं मारणारा गरीब माणूस डोळ्यांपुढे येतो. लिऑनचे नाउते नदीवरून मालाची ने-आण करणारे धनिक होते, गावातली वजनदार मंडळी. त्यांना 'जलवाहतूकदार' म्हणा. शब्द लांब आहे, पण माणसं बरोबर उभी राहतात. मग वाक्य असं होईल : 'ऱ्होन आणि साओन नद्यांवरच्या जलवाहतूकदारांच्या मंडळाला नीम शहराच्या नगरसभेने आपल्या अँफीथिएटरमध्ये ४० जागा राखून दिल्या होत्या.'