मूर्ती, बाहुली की पुतळी?

प्रश्न असा आला : 'विलेनडॉर्फची व्हीनस' आणि तिच्यासारख्या अश्मयुगीन कोरीव स्त्रीआकृतींना मराठीत काय म्हणावं? मूर्ती, बाहुली की मातृदेवता?

मी 'पुतळी' म्हणेन. 'मूर्ती' म्हटलं की डोळ्यांसमोर देव्हारा उभा राहतो. ('मूर्ती लहान पण कीर्ती महान' यातली मूर्ती देवाची नाही, कबूल. पण बाजारात जाऊन 'मूर्ती दाखवा' म्हणून बघा.) 'बाहुली' म्हटलं की खेळणं झालं आणि 'मातृदेवता' म्हणजे तर चौकशीआधीच निकाल. डबा-डबी, सुरा-सुरी तशी पुतळा-पुतळी : माणसाचा आकार, पण लहान. याहून जास्त काही हा शब्द गृहीत धरत नाही.

ऑस्ट्रियात डॅन्यूबकाठी १९०८ साली सापडलेली ती चुनखडीची पुतळी जेमतेम ११ सेंटीमीटरची आहे. तोंड नाही. डोक्याभोवती ओळीने वेढे कोरलेत. ते केस की विणलेली टोपी, यावर वाद आहे. काटकुळे हात स्तनांवर टेकलेले. पावलंच नाहीत, त्यामुळे ती आपली आपण उभी राहत नाही. जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत २००८ साली मिळालेली मॅमथच्या सुळ्यातली पुतळी आणखी लहान, सहा सेंटीमीटरची, आणि डोक्याच्या जागी चक्क कडी! बहुधा दोऱ्यात ओवून गळ्यात घालत असावेत.

'व्हीनस' हे नाव रोमन देवीचं, या पुतळ्यांच्या हजारो वर्षांनंतरचं. पण ते आता विशेषनाम झालंय, तसंच ठेवावं. भाषांतर करायला जावं तर व्हीनस म्हणजे शुक्र, आणि समोर दाढीवाले शुक्राचार्य हजर.

'देवता' शब्द कुठेच नको, असंही नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्ही वापरत त्या काळच्या) घराच्या जमिनीखाली मातीच्या डबीत बिनडोक्याची स्त्रीआकृती मिळाली, सोबत मातीचा बैल. इतकं जपून पुरलेलं पाहिल्यावर 'देवी' म्हणायला आधार आहे.

राहिलं 'कोरीव'. दगड, हस्तिदंत कोरतात; माती घडवतात. चेकियातल्या दोल्नी वेस्तोनित्सेची पुतळी भाजलेल्या मातीची आहे, तिला कोरीव म्हणू नये. तिच्यासाठी 'मृण्मूर्ती' हा शब्द पुरातत्त्वात रुळलेला आहे. त्यात 'मूर्ती' आहेच म्हणाल, तर रुळलेल्या शब्दाशी मी भांडत नाही.