हात सुजला म्हणून वाडीतलं काम सोडावं लागेल का?

ताई, तुमच्या स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला आणि रेडिएशनला दीड वर्ष झालं, आता त्या बाजूचा हात सुजतोय. डॉक्टर म्हणाले लिम्फेडेमा, आणि घरचे म्हणतात हाताला काही कामच देऊ नकोस. मी वेंगुर्ल्याजवळच्या गावात राहते. माझा डावा हात सहा वर्षं असाच आहे. काजूची वाडी मी सोडलेली नाही, तुम्हीही सोडू नका.

सूज नवीन असेल तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. शिरेत रक्ताची गुठळी किंवा आजार परत उलटलेला नाही ना, याची खात्री झाल्याशिवाय पट्टी, मालिश काही नको.

काखेतल्या ग्रंथी काढल्या, वर रेडिएशन झालं, की हातातली लस (लिम्फ, म्हणजे अंगातलं पाण्यासारखं द्रव) वर जायची वाट अडते. ही साठून येणारी सूज म्हणजेच लिम्फेडेमा. बागेतला पाट तुंबला की पाणी आजूबाजूला झिरपत राहतं ना, तसंच. रक्ताला हृदय ढकलतं. लसीला तसा जोर मिळत नाही, हाताचे स्नायू हलले की तीही पुढे सरकते. म्हणून हात गळ्यात बांधून ठेवला तर सूज वाढते. 2009 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. लिम्फेडेमा असलेल्या 141 बायका त्यात होत्या. ज्यांनी देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम केला, त्यांची सूज वाढली नाही, उलट मधूनमधून येणारे भडके कमी झाले. माझ्या फिजिओथेरपिस्टने हे सांगितलं तेव्हा मी रडले होते, कारण तोवर वर्षभर मी कळशीसुद्धा उचलली नव्हती. आता उचलते. सुरुवात अर्ध्या तांब्यापासून केली होती.

माझी मोठी चूक मालिशची. गावातल्या एका बाईंकडून गरम तेल लावून रगडून घेतलं, वर वाळूचा शेक. चार दिवसांत हात आणखी जड झाला, बांगडी कापावी लागली. खरं मालिश इतकं हलकं असतं की नुसती कातडी सरकते, आणि ते हातापासून सुरू होत नाही. पाट साफ करताना पाणी जिथे जायचं ते तोंड आपण आधी मोकळं करतो. तसंच आधी मान, मग चांगल्या बाजूची काख आणि सुजलेल्या बाजूची जांघ, मग छाती, मग दंड, शेवटी मनगट. हे एकदा शिकलेल्या माणसाकडूनच शिका. मी परळला टाटाला तपासणीसाठी गेले तेव्हा शिकले, सोबत नवऱ्यालाही पट्ट्या बांधायला शिकवल्या. त्या पट्ट्या कमी ताणणाऱ्या असतात, मुरगळल्यावर बांधतो ते क्रेप बँडेज नव्हे. तीन आठवडे पट्ट्या, सूज उतरल्यावर स्लीव्ह, म्हणजे हाताला दाब देणारी घट्ट बाही. लघवीच्या गोळ्यांनी ही सूज जात नाही, मात्र त्या ब्लडप्रेशरसाठी चालू असतील तर आपल्या मनाने बंद करू नका.

कातडीला जपा. दोन वर्षांपूर्वी शिंगाळा मासा साफ करताना काटा बोटात गेला. रात्री हुडहुडी भरली, मला वाटलं साधा ताप. सकाळी कोपरापर्यंत हात लाल आणि गरम. चार दिवस सलाइनमधून अँटिबायोटिक घ्यावं लागलं. असं झालं तर उजाडायची वाट पाहू नका. लाली जिथवर आहे तिथे बॉलपेनने रेघ मारा, स्लीव्ह काढा, मालिश करू नका आणि सरळ दवाखाना गाठा. मासे, काजूच्या टरफलाचं तेल, आंब्याचा चीक, फणस, विळी, सगळीकडे आता हातमोजे घालते. कालवं फोडायला कातळावर जाणं मात्र मी सोडलं. लावणीच्या चिखलातही हातावर ओरखडा असेल तर उतरत नाही. रक्त, इंजेक्शन, ब्लडप्रेशर नेहमी दुसऱ्या हाताला.

शेजारच्या काकी आल्या आणि म्हणाल्या, "तुका हत्तीरोग झालो काय गो?" त्यांना समजावलं: हत्तीरोग डासामुळे होतो, माझा ऑपरेशनमुळे, आणि हा कोणाला लागत नाही. तुम्हालाही कोणी विचारेल, तेव्हा लपवू नका. लपवायला पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज शिवून मी दोन उन्हाळे उगाच उकाड्यात काढले.

स्लीव्ह दोन ठेवा. सकाळी उठल्यावर लगेच घाला, रात्री झोपताना काढा. मे महिन्यात घामाने रोज धुवावी लागते, पावसात वाळत नाही. चुलीजवळ किंवा उन्हात टाकलीत तर ताण जातो, पंख्याखाली सावलीत पसरा. साधारण सहा महिन्यांत ती सैल पडते. नवीन घ्यायला जाल तेव्हा माप सकाळी, हात हलका असतानाच घ्यायला सांगा, आणि तळहात सुजत असेल तर दाबाचा हातमोजाही मागा.