माणसाच्या आजारांसाठी फळमाशीतली ऑटोफॅजी (पेशीने स्वतःचेच बिघडलेले भाग मोडीत काढणं) कशाला अभ्यासायची? थेट माणसाच्या पेशी का नाही?

पाच वर्षं याच माश्या सांभाळल्यात, म्हणून लिहितेय. मामेबहिणीच्या लग्नात, भर पंगतीत मामा म्हणाले, "ही पुण्यात माशा मारते." शेजारी आजोबा होते. कंपवातामुळे आमटी सांडू नये म्हणून वाटी दोन्ही हातांनी धरलेली. मी गप्प बसले. बोलायला हवं होतं.

कंपवाताच्या काही कुटुंबांत पिंक१ किंवा पार्किन हे जनुक बिघडलेलं असतं. ही दोन्ही जनुकं माशीतही आहेत. पिंक१ बंद पाडलं की माशीचे पंख लोंबतात, छाती आत दबते, उडता येत नाही. २००६ साली दिसलं की अशा माशीला जादा पार्किन दिलं तर ती सावरते, पार्किन बंद असलेल्या माशीला जादा पिंक१ दिलं तर नाही. म्हणजे पार्किनचं काम पिंक१च्या नंतर. २००८ मध्ये माणसाच्या पेशींत कळलं की पार्किनचं प्रथिन बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियावर (पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग) जाऊन बसतं आणि पेशी तो मोडीत काढते. क्रम माशीने सांगितला. बशीतली पेशी ना उडते, ना माशीसारखी म्हातारी होते. माशीची पिढी मात्र दहा दिवसांत तयार.

पेशीची ही साफसफाई, म्हणजे ऑटोफॅजी, माशीत डोळ्यांनी दिसते. माशीच्या अळीला चार तास नुसत्या साखरपाण्यावर ठेवायचं, थंड द्रावणात चिमट्याने उघडायचं. आतली चरबी फाटक्या सायीसारखी तरंगते. लायसोट्रॅकर (पेशीतल्या कचरा पचवणाऱ्या पिशव्या लाल दाखवणारा रंग) टाकला की पोटभर खाल्लेल्या अळीत जवळजवळ अंधार, उपाशी अळीच्या पेशी लाल ठिपक्यांनी भरलेल्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जेवायची सुटी विसरले होते.

यावरून "उपवासाने कंपवात बरा होतो" म्हणणाऱ्यांवर अजिबात विश्वास ठेवू नका. आणि हो, माशी म्हणजे माणूस नव्हे. रुग्णांच्या मेंदूत साठणारं अल्फा-सिन्यूक्लिन हे प्रथिन तिच्यात मुळात नसतंच, त्याचं जनुक बाहेरून घालावं लागतं. बहुतेक रुग्णांत पिंक१-पार्किन धडधाकट असतात. आजोबांची तशी तपासणी कधी झाली नाही.

पीएचडीसाठी विचारत असाल तर खुशाल माशी घ्या. फक्त घरच्यांना पहिल्याच महिन्यात प्रयोगशाळेत न्या. मामांना मी कधी बोलावलं नाही, तीच चूक. आजोबांना नेलं होतं. हात टेबलावर दाबून धरून ते बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून बघत राहिले. मग विचारलं, "हिने पंख असे का टाकलेत गं?"