गाठ निघाली, मग आता हिला झालंय काय?

"मॅडम, गाठ निघाली, रिपोर्ट चांगला आला, टाकं बी वाळलं. आता कशाला रडतीया?"

समुपदेशनाला आलेल्या, तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराचा हा प्रश्न. शेजारी डोक्याला स्कार्फ गुंडाळलेली बायको, वय ४६, नजर फरशीवर. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मेंदूचं ऑपरेशन झालेल्या पुष्कळ घरांतून थोड्याफार फरकानं हाच प्रश्न येतो. त्याला एकच उत्तर नसतं. रडणं, चिडणं, गप्प बसणं यांतलं काही मेंदूचं असतं, काही गोळ्यांचं आणि काही मनाचं. तिन्हींचे उपाय वेगळे असल्यामुळे आधी कुठलं कशाचं ते वेगळं करावं लागतं.

या बाईंच्या बाबतीत सुरुवात ऑपरेशनच्या सहा महिने आधीच झाली होती. विरळणीला येणाऱ्या बायांच्या हजेरीची वही त्याच ठेवायच्या. ती त्यांनी सोडली. दूध समोर उतू जायचं आणि त्या बघत राहायच्या. घरात निदान ठरलं: पाळी जायचं वय आहे. डिसेंबरात उजव्या हाताला झटके येऊन शुद्ध गेली, एमआरआय झाला आणि डाव्या बाजूला, कपाळामागे मेंदूच्या आवरणातून वाढलेली गाठ दिसली. तिला मेनिन्जिओमा म्हणतात. या गाठी बहुतेक वेळा कॅन्सरच्या नसतात आणि हळू वाढतात. कपाळामागचा भाग दाबला गेला की माणसातली उमेद आटते आणि ते हुबेहूब डिप्रेशनसारखं दिसतं. म्हणून चाळिशीनंतर पहिल्यांदाच स्वभाव असा बदलला आणि जोडीला डोकेदुखी, झटका किंवा विसराळूपणा असेल, तर मनाच्या गोळ्यांआधी मेंदूची तपासणी झालेली बरी.

ऑपरेशनची तारीख नऊ दिवसांवर होती. त्या दिवसांत बाई जावेला दागिने कुठं ठेवलेत ते सांगू लागल्या की सगळे ओरडायचे, "अभद्र बोलू नको." इथंच चूक होते. बोलू दिलं नाही तर भीती कमी होत नाही, रात्री तीनला उठून बसते. रोज संध्याकाळी वीस मिनिटं, एकाच माणसानं, मध्ये न तोडता ऐकायचं असं ठरलं. नवऱ्यापेक्षा जाऊबाईंना ते जमलं. सर्जनसाठी प्रश्नांचा एक कागद झाला: केस किती काढणार, बोलण्यावर परिणाम होईल का, फिटची गोळी किती दिवस. आधीपासून डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनानं बंद करू नयेत. भूलतज्ज्ञांना चिठ्ठी दाखवावी.

काही गोष्टी आधी सांगून ठेवल्या की नंतरची निम्मी घबराट वाचते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या बाजूचा डोळा सुजून मिटू शकतो. आयसीयूत दिवसरात्र दिवे, झोप नाही, त्यामुळे माणूस थोडा वेळ बरळूही शकतो. जखमेभोवती बधिरपणा राहतो, चावताना जबडा दुखतो, आणि हाड जुळेपर्यंत डोक्यात कधी कधी टक्-टक् वाजतं. हे वाजणं कुणी सांगितलेलं नसतं, मग पेशंट एकटाच ऐकत घाबरत राहतो.

जानेवारीत ऑपरेशन पार पडलं, तपासणीत गाठ ग्रेड १, म्हणजे कॅन्सरची नसलेली, निघाली. पहिला आठवडा घर खुशीत. बाई बोलत होत्या, रात्री बाराला भाकरी मागत होत्या. ही टवटवी बरीचशी डेक्सामेथासोनची होती. मेंदूची सूज उतरवायला देतात ते हे स्टेरॉइड भूक वाढवतं, झोप उडवतं, काहींना उगाचच उत्साही तर काहींना चिडकं करतं, साखरही चढवतं. डोस उतरवत आणला की तोच माणूस खाली बसतो. घरच्यांना वाटतं, बरी होती ती बिघडली. शेवटची गोळी रात्री आठला पडत होती. डॉक्टरांना विचारून ती दुपारी घेतली, तेव्हा चार तास तरी सलग झोप लागू लागली. स्टेरॉइड एकदम तोडायचं मात्र नाही. शरीराचं स्वतःचं संप्रेरक तोवर मंदावलेलं असतं.

आम्ही एक दोनशे पानी वही करायला सांगतो: तारीख, गोळी आणि वेळ, झोप, राग, रडू, आज केलेलं एक काम. नवऱ्यानं दहा दिवस नेटानं लिहिलं. त्यातून दिसलं की भांडी आपटण्याइतका राग फिटच्या गोळीचा डोस वाढवल्याच्या तारखेपासून सुरू झाला होता. लेव्हेटिरासिटाम, म्हणजे ही फिटची गोळी, काहींना असं करते, उदासही करते. मोबाइलवर हे वाचून त्यांनी सकाळची गोळी दिलीच नव्हती. तिथल्या तिथं सर्जनना फोन लावायला लावला, कारण ही गोळी अचानक थांबली तर फिट येऊ शकते. पुढे औषध बदललं, पण जुनं कमी करत आणि नवं वाढवत.

राहिलं गप्प बसणं. नवरा म्हणाला, "मटार सोल म्हटलं तर सोलत न्हाई." पुढच्या भेटीत अर्धा किलो मटार मागवले. नुसतं सांगून हात हलला नाही. ताट मांडीवर ठेवलं, जाऊबाईंनी दोन शेंगा सोलल्या, तिसरी हातात दिली. मग बाईंनी सगळे सोलले, वर किडके दाणे बाजूला काढले. हा आळस नव्हे. मेंदूचा काम सुरू करून देणारा भाग अजून सुस्त होता. त्याला उपदेश चालत नाही, ढकलून द्यावं लागतं: मोबाइलचा गजर, भिंतीवर तीन कामांचा कागद, पहिला हात दुसऱ्याचा.

पण निघताना त्या हळूच म्हणाल्या, "माझ्यावर एवढं पैसं घातलं, बागंची औषधं झाली असती." अपराधीपणा, नालायक वाटणं, हे मेंदूच्या सुस्तीत नसतं, हे डिप्रेशन. डिप्रेशन मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या पीएचक्यू चाचणीत २७ पैकी १६ आले. झोप, भूक, थकवा यांचे गुण ऑपरेशनमुळेही चढतात, म्हणून आकड्यापेक्षा नववा प्रश्न महत्त्वाचा: मरून जावंसं वाटतं का? तो सरळ विचारावा. विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरत नाही, उलट मोकळीक मिळते. "कधी कधी," त्या म्हणाल्या. त्याच संध्याकाळी बागेची कीटकनाशकं कुलुपात गेली आणि किल्ली दिराकडे. गोळ्यांचा साठा आठवड्यापुरताच घरात ठेवला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा नंबर फ्रिजवर लावला आणि दुसऱ्या दिवशीची मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली.

त्यांनी कमी डोसात गोळी सुरू केली. फिटची प्रवृत्ती असताना सगळ्या डिप्रेशनच्या गोळ्या चालत नाहीत, बुप्रोपिऑन तर टाळतातच. म्हणून ओळखीच्या मेडिकलमधून "झोपेचं काहीतरी" आणू नये. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. दहाव्या दिवशी "काही फरक न्हाई" म्हणून पुडी बंद करणारी घरं फार.

भेटायला येणाऱ्यांबद्दल एवढंच: दोन माणसं, पंधरा मिनिटं. "आमच्या पाहुण्याला असंच झालेलं, तो गेला" हे सांगायला लोक सांगलीहून रिक्षा करून येतात.

वाढती डोकेदुखी आणि उलट्या, ताप, गुंगी, जखमेतून किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव, हातापायातली नवी कमजोरी यांत समुपदेशन नको, थेट हॉस्पिटल. फिट आली तर कुशीवर वळवा, वेळ बघा; कांदा, चप्पल, तोंडात चमचा काही नको. पाच मिनिटांवर गेली तर १०८.

एप्रिलमध्ये तीन महिन्यांचा एमआरआय होता. आदल्या आठवड्यात रडू परत आलं. ते येणार हे आधीच वहीत लिहिलेलं होतं, त्यामुळे कुणी दचकलं नाही. दुपारची तासभर झोप अजून लागते, थकवा आहे. वहीत मधल्याच एका पानापासून अक्षर बदललंय, बारीक आणि सुबक. त्या पानावर पहिलीच नोंद: "सकाळची गोळी द्यायला हे विसरले. मी मागून घेतली."