वाचक विचारतात : स्किल मोठं की बापाचा खिसा?

प्रश्न : आमच्या ऑफिसात फॉर्म्युला वनची रेस झाली की सोमवारी हमखास वाद होतो. एका मित्राचं म्हणणं, हा श्रीमंतांच्या पोरांचा खेळ आहे, स्किल वगैरे सगळं बोलायला, आधी बापाचा पैसा. खरं काय? – एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचा मित्र चुकीचं नाही बोलत, फक्त अर्धंच बोलतोय. पैसा लागतोच, आणि तो अगदी खालपासून लागतो. सुरुवात होते कार्टिंगने, म्हणजे छोट्या उघड्या रेसिंग गाड्यांनी. पोरगं सात-आठ वर्षांचं असतं तेव्हा दर वीकेंडचे टायर, इंजिन, मेकॅनिक, प्रवास सगळं आईबापाच्या खिशातून, आणि वर चढत फॉर्म्युला टूपर्यंत, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीपर्यंत गेलं तर एका सीझनचा खर्च वीस कोटी रुपयांच्या घरात जातो, आता नोकरदार माणूस हे आणणार कुठून सांगा. म्हणजे किती भारी पोरं कार्टमध्ये बसायच्या आधीच गळत असतील याचा हिशोबच नाही.

ड्रायव्हर लान्स स्ट्रोलच्या वडिलांनी तर 2018 मध्ये पार्टनर घेऊन आख्खी टीमच विकत घेतली, तीच आजची ॲस्टन मार्टिन. निकिता माझेपिन 2021 ला हास टीममध्ये वडिलांच्या पैशाच्या जोरावर आला आणि वर्षभरात त्याला एक पॉइंट मिळाला नाही. आता त्याचा टीममेट मिक शूमाकर, त्यालाही शून्यच, कारण ती गाडीच डबडं होती, पण त्याच डबड्यात मिक बहुतेक वेळा पुढे असायचा. आणि गंमत म्हणजे मिकच्या मागे वडिलांचं केवढं नाव, सात वेळा वर्ल्ड चॅम्पियन मायकल शूमाकर, तरी 2022 नंतर त्याचीही सीट गेलीच की.

दुसरी बाजू पण बघा. लुईस हॅमिल्टनच्या वडिलांनी पोराच्या कार्टिंगसाठी एकावेळी तीन-चार कामं केली. त्याला 1998 ला मॅक्लारेन-मर्सिडीज टीमने हाताशी धरलं नसतं तर तो पुढे कितपत गेला असता शंकाच आहे. एस्तेबान ओकॉनच्या आईबापांनी राहतं घर विकलं आणि कॅराव्हॅनमध्ये राहून रेसिंगचा खर्च केला, त्याने 2021 ला हंगेरीत रेस मारली. आणि पैसेवाल्या घरातला म्हणजे भुक्कडच असंही नाही बरं का, लँडो नॉरिसच्या घरी काही कमी नव्हतं, 2025 चा चॅम्पियन तोच. स्ट्रोलने सुद्धा 2020 ला तुर्कीत भर पावसात पोल, म्हणजे रेस सुरू करायची पहिली जागा घेतली होती, ती काय वडिलांनी दिली नव्हती. माझं मत विचाराल तर पैशाने दार उघडतं आणि प्रॅक्टिसचे तास मिळतात, पुढचं काम मात्र घड्याळाचं.

प्रश्न : पण गाडी फास्ट असेल तर कोणीही जिंकेल ना? ड्रायव्हरचं स्किल नक्की दिसतं कुठे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : कोणीही नाही, पण गाडीचा वाटा फार मोठा हे मान्य. म्हणूनच बघायचं ते टीममेटकडे, कारण तेवढ्या एकाकडेच तशीच गाडी असते.

2020 ची बहरीनमधली साखीरची रेस आठवा. हॅमिल्टनला कोविड झाला, म्हणून तळाच्या विल्यम्स टीममधून जॉर्ज रसेलला त्याच्या जागी मर्सिडीजमध्ये बसवलं. दोन वर्षं एकही पॉइंट नसलेला माणूस, उंच इतका की पाय मावेनात म्हणून एक नंबर लहान बूट घालून बसला, आणि क्वालिफायिंगला, म्हणजे रेसआधी सुरुवातीच्या जागा ठरतात तेव्हा, टीममेट बोटासच्या फक्त 0.026 सेकंद मागे! बोटास त्या टीममध्ये चार सीझन मुरलेला. रेसला सुरुवातीलाच रसेल पुढे गेला आणि लीडही केलं, मग पिटमध्ये टीमने चुकून बोटासचेच टायर लावले, नंतर पंक्चर, शेवटी नववा. पण त्या दिवशी सगळ्यांना कळलं की विल्यम्समध्ये शून्य गाडीला होतं, त्याला नाही.

आता बारीक गोष्ट, ब्रेक. सरळ रस्त्यावर ताशी 320-330 ने येताना एफ वन गाडीला हवा खाली दाबून धरत असते, म्हणून पहिला पाय जीव खाऊन मारायचा. पण वेग उतरला की तो दाब कमी होतो, तेव्हा पायही तसातसा सैल करत जायचं, नाहीतर चाक लॉक होऊन टायरला चपटा डाग पडतो. चाक लॉक होऊ न देणारं एबीएस इथे नसतंच. हे सगळं दोनेक सेकंदात, वर मान पुढे खेचली जाते ती वेगळीच. टीव्हीवर यातलं काही म्हणजे काही दिसत नाही!

पावसात मात्र घरबसल्या दिसतं. नेहमीच्या लाइनवर टायरचं रबर बसलेलं असतं, ते ओलं झालं की साबणासारखं निसरडं होतं, म्हणून कार्टिंगमध्ये मुरलेली पोरं मुद्दाम बाहेरून वळतात. 2016 ला ब्राझीलमध्ये मॅक्स व्हर्स्टॅपन असाच बाहेरबाहेरून फिरत पार मागून तिसरा आला. आता त्याचे वडील एफ वन ड्रायव्हर, आई पण कार्टिंगमधली, लोक म्हणतात रक्तात आहे. मला विचाराल तर रक्तापेक्षा लहानपणीचे तास आहेत ते, वडिलांनीच शिकवलं, इंजिनही वडीलच तयार करायचे, असा कोच विकत घ्यायचा तर किती पैसे पडतील बघा. ब्राझीलचा चॅम्पियन ड्रायव्हर आयर्टन सेना तर लहानपणी पावसात एक कार्ट रेस हरला आणि नंतर पाऊस आला की मुद्दाम ट्रॅकवर जायला लागला, मग 1993 ला इंग्लंडमध्ये डॉनिंग्टनला पहिल्याच लॅपमध्ये पाचव्यावरून पहिला.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा आहे, ड्रायव्हरच व्हायचं म्हणतो. काय करू? – एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, लगेच कार्ट विकत घेऊ नका. तुमच्याकडे कोल्हापुरातच कार्टिंगचा ट्रॅक आहे, आधी भाड्याच्या कार्टवर काही महिने जाऊ द्या आणि लॅप टाइम वहीत लिहून ठेवा, दहा लॅप सारख्या वेळेत येतात का ते बघा, एक फास्ट लॅप कोणाचीही लागते. आणि घरात खर्चाचं आत्ताच बोला. मुंबईचा जेहान दारूवाला 2011 च्या फोर्स इंडियाच्या टॅलेंट हंटमधून निवडला गेला, युरोपात गेला, फॉर्म्युला टूच्या रेसही जिंकला, तरी एफ वनची सीट मिळाली नाही. एवढं माहीत असूनही पोराला जायचंच असेल तर जाऊ द्या, फक्त कर्ज काढून नको.