क्लोरीनच्या अणूत साडेअठरा न्यूट्रॉन कसे?

तुम्ही विचारलंय की मुलगी दहावीत आहे, क्लोरीनचा अणुअंक १७ आणि अणुवस्तुमान ३५.५ दिलंय, वजाबाकी केली तर न्यूट्रॉन १८.५ येतात, मग अर्धा न्यूट्रॉन कुठून आला?

अर्धा न्यूट्रॉन नसतोच. तिची वजाबाकी चुकलेली नाही, पण ३५.५ हा आकडा कुठल्याच एका अणूचा नाही. ती सरासरी आहे. मी सोलापुरात विज्ञान शिकवतो. बरीच मुलं इथे गुपचूप १८ नाहीतर १९ लिहून मोकळी होतात. तुमची मुलगी अडली, याचा मला मनापासून आनंद झाला.

आधी अणूची रचना. मधोमध केंद्रक, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, बाहेर कवचांमध्ये इलेक्ट्रॉन. क्लोरीनचं केंद्रक ज्वारीच्या दाण्याएवढं धरलं आणि तो दाणा आपल्या पार्क मैदानाच्या मधोमध ठेवला, तर इलेक्ट्रॉनांचा वावर साधारण सीमारेषेपर्यंत जाईल. आणि तरी जवळजवळ सगळं वस्तुमान त्या दाण्यातच, कारण इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या सुमारे १८३६ पट हलका. केंद्रक असतं हे रदरफोर्ड यांनी १९११ मध्ये मांडलं. न्यूट्रॉन सापडायला मात्र १९३२ उजाडलं, तो चॅडविक यांनी शोधला.

आता क्लोरीन. अणुअंक म्हणजे प्रोटॉनची संख्या. प्रोटॉन १७ म्हणजे १७च, त्यात बदल नाही. न्यूट्रॉन मात्र काही अणूंत १८ असतात, काहींत २०. म्हणून अणुवस्तुमानांक, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची बेरीज, कधी ३५, कधी ३७. हीच क्लोरीनची समस्थानिके. निसर्गात चारांपैकी साधारण तीन अणू पहिल्या प्रकारचे, एक दुसऱ्या. वहीत असं मांडायला सांगा: ३५ गुणिले ३ म्हणजे १०५, त्यात ३७ मिळवले की १४२, भागिले ४ म्हणजे ३५.५. उजनीचं पाणी शुद्ध करताना त्यात मिसळलेला क्लोरीन असो की जेवणातलं मीठ, प्रमाण जवळपास हेच. दोन्ही समस्थानिकांचे रासायनिक गुणधर्म सारखे, कारण इलेक्ट्रॉन दोघांतही १७च.

म्हणजे अणुअंक आणि अणुवस्तुमानांक हे मोजलेले नग आहेत, ते अपूर्णांकात येऊच शकत नाहीत. अणुवस्तुमान ही वेगळी गोष्ट. ते कार्बन-१२ च्या (म्हणजे अणुवस्तुमानांक १२ असलेल्या कार्बनच्या) अणूच्या बाराव्या भागाशी तुलना करून काढतात आणि समस्थानिकांच्या प्रमाणानुसार त्याची सरासरी घेतात.

अणुअंक आणि अणुवस्तुमान या दोन आकड्यांत मूलद्रव्य कोणतं हे ठरतं फक्त अणुअंकावर. माझ्या मते ही गोष्ट शाळेत फार घाईत उरकली जाते. आवर्तसारणीत अरगॉन १८ वा, पोटॅशियम १९ वा. पण वस्तुमान बघा: अरगॉन ३९.९५ आणि पोटॅशियम ३९.१०. जड मूलद्रव्य आधी आणि हलकं नंतर! वस्तुमानाच्या चढत्या क्रमाने मांडणी केली असती तर अरगॉनसारखा निष्क्रिय वायू सोडियमच्या उभ्या स्तंभात जाऊन बसला असता. १९१३ मध्ये मोसली यांनी मूलद्रव्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता मोजली आणि क्रम केंद्रकातल्या धनप्रभारावर, म्हणजे प्रोटॉनच्या संख्येवर ठरतो हे दाखवून दिलं. पुढे १९१५ मध्ये, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, ते पहिल्या महायुद्धात मारले गेले. हे वाचलं की मला आजही हळहळ वाटते.

अरगॉन जड का, याचं उत्तर आपल्या पायाखाली आहे. पोटॅशियम-४० किरणोत्सारी आहे. त्याच्या काही अणूंत केंद्रक स्वतःच्याच कवचातला एक इलेक्ट्रॉन ओढून घेतं आणि एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो. प्रोटॉन १९ चे १८ झाले की पोटॅशियम संपलं, अरगॉन झालं. एकूण कण मात्र ४०च राहिले. हवेतला बहुतेक अरगॉन असाच खडकांतल्या पोटॅशियमपासून आलेला, म्हणून तो जवळजवळ सगळा अरगॉन-४० आहे. पोटॅशियममध्ये मात्र ९३ टक्के वाटा पोटॅशियम-३९ चा. सोलापूरचा काळा दगड म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, हे वय खडकात साठलेल्या याच अरगॉनवरून काढलं आहे.

परीक्षेत न्यूट्रॉन विचारले तर अणुवस्तुमानांक दिलाय का ते आधी बघायला सांगा. क्लोरीन-३५ असेल तर १८, क्लोरीन-३७ असेल तर २०. अणुवस्तुमान जवळच्या पूर्णांकात करून वजाबाकी करायची युक्ती सोडियम, ॲल्युमिनियमला चालते, कारण निसर्गात त्यांचं व्यवहारात एकेकच समस्थानिक आहे. ब्रोमीनला ती फसते. त्याचं अणुवस्तुमान ७९.९, पण ब्रोमीन-८० निसर्गात सापडतच नाही. असतात ते ७९ आणि ८१, जवळपास निम्मे-निम्मे. अणुअंक ३५ आहे. दोन्हींतले न्यूट्रॉन किती, हे तिलाच काढू द्या.