लहान संस्थेने बालपोषण कार्यक्रमाचं मूल्यमापन कसं करावं?

मेळघाटातल्या मोजक्या गावांत तुमची संस्था बालपोषणाचं काम सुरू करतेय आणि देणगीदारांनी नियोजन, देखरेख, मूल्यमापनाचा आराखडा मागितलाय, असं तुम्ही लिहिलंय. मी याच क्षेत्रात काम करते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तक्ते भरायच्या आधी ठरवा, तीन वर्षांनी मुलांमध्ये नेमका काय फरक दिसायला हवा? किती प्रात्यक्षिकं झाली, किती आया बैठकीला आल्या, हा झाला कामाचा हिशोब. तो ठेवायचाच, पण मूल सुधारलं की नाही हे त्यातून कळत नाही.

पहिली पाहणी काम सुरू होण्याआधी करा, आणि महिना विचार करून निवडा. पावसाळ्यात घरातलं धान्य संपत आलेलं असतं, आई दिवसभर शेतावर, त्यात मुलांना जुलाब आणि ताप. तेव्हा वजनं घेतली आणि शेवटची मोजणी हिवाळ्यात केली, तर तुम्ही काहीच केलं नाहीत तरी आकडे सुधारलेले दिसतील. शिवाय दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात, ती मुलं मोजणीतून सुटतात. त्यामुळे ऑगस्टची तुलना ऑगस्टशीच करा.

शेजारची, तुमचं काम नसलेली काही गावंही मोजा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नवजात बालकांच्या घरोघरी काळजीचा प्रयोग ३९ गावांत केला, तेव्हा तुलनेला ४७ गावं ठेवली होती. त्यामुळेच नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला हे १९९९ मध्ये ते जगापुढे ठामपणे मांडू शकले, आणि पुढे आशा ताईंच्या गृहभेटी देशभर सुरू झाल्या. मात्र तुलनेच्या गावात दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असलेलं, म्हणजे तीव्र कुपोषित मूल सापडलं, तर त्याला त्याच दिवशी उपचाराला पाठवायचं. मोजणीसाठी कुणालाही तसंच ठेवायचं नाही.

देखरेखीत मी सगळ्यात आधी वजनाचा रकाना वाचते. ८.०, ८.५, ९.० असेच आकडे ओळीने दिसले, तर काटा नीट वाचलेला नाही, वजन अंदाजे लिहिलंय. यात वजन घेणाऱ्या अंगणवाडी सेविकेला दोष देऊ नका. तीव्र कुपोषित मूल नोंदवलं की बैठकीत तिलाच उभं करून जाब विचारला जातो. मग नोंदीतलं वजन दोनशे ग्रॅम वर सरकतंच. तुमच्याकडे तसं होऊ देऊ नका. दर महिन्याला काही मुलांची वजनं दुसऱ्या कार्यकर्त्याकडून पुन्हा घ्या, आणि फरक आला तर ताईंसोबत बसून काटा तपासा.

देणगीदारांना एक गोष्ट आत्ताच लेखी कळवा: पहिल्या वर्षी कुपोषित मुलांची संख्या वाढलेली दिसू शकते, कारण आजवर नोंदीतच न आलेली मुलं आता सापडू लागतील.